कच्चा मासा आणि बर्फाचा हिशोब

चार मित्र मुंबईतल्या एखाद्या जपानी उपाहारगृहात जेवायला बसले आणि त्यांतला एक दापोली तालुक्यातल्या मुरुडचा निघाला, तर बाकीचे तिघे आधी त्याच्याकडे पाहतात. समुद्राकाठचा माणूस, कच्च्या माशाचे त्याला काय वाटणार! प्रत्यक्षात सगळ्यात जास्त कां-कूं त्याचीच असते. नागपूरचा मित्र एकवेळ डोळे मिटून सुशीचा तुकडा तोंडात टाकील. मुरुडकर आधी विचारील की मासा कुठला, कधीचा आणि आला कसा. हर्णैचे बंदर तिथून काही किलोमीटरांवर आहे. तिथे किनाऱ्यावर होणारा मासळीचा लिलाव त्याने लहानपणापासून पाहिलेला असतो. मासा तळून, कालवणात घालून, सुकवून असा सगळ्या तऱ्हांनी खाल्लेला असतो, पण कच्चा कधीच नाही. या संकोचाला टेबलावर बहुधा हसले जाते. सुशी खाणे म्हणजे पुढारलेपण आणि न खाणे म्हणजे गावंढळपणा, अशी एक समजूत महानगरांत रुजली आहे. ती चुकीची आहे, असे या प्रकरणात दाखवायचे आहे. जपानी उपाहारगृहात आज जो कच्चा मासा वाढला जातो तो परंपरेपेक्षा यंत्राने तयार केलेल्या थंडीचा पदार्थ आहे. ही थंडी नव्हती तेव्हा जपानी लोकही त्याला आजच्यासारखे हात लावत नव्हते. कोकणाने मासा कच्चा खाल्ला नाही आणि जपानने खाल्ला, यामागे धाडसाचा फरक नाही. मेलेला मासा किती तास आणि किती अंशांवर राहिला, हा हिशोब त्यामागे आहे.

मुरुडचा आणि जपानचा संबंध तसा जुना, पण तो जेवणाच्या वाटेने आलेला नाही. धोंडो केशव कर्वे यांचे बालपण याच गावात गेले. टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका १९१५ च्या सुमारास त्यांच्या हाती आली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी भारतात महिला विद्यापीठ सुरू केले. १९२९ मध्ये निघालेल्या परदेश दौऱ्यात ते जपानलाही जाऊन आले. जपानकडून काय घ्यायचे आणि आपल्या मातीत ते कसे लावायचे, हा विचार या गावच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी शिक्षणाच्या बाबतीत करून दाखवला होता. जेवणाच्या बाबतीत तो करण्याची वेळ आता आली आहे, कारण जपानी जेवण आता पंचतारांकित हॉटेलापुरते उरलेले नाही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ‘वसाबी बाय मोरिमोटो’ सुरू झाले ते २००४ मध्ये. तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आज मुंबई-पुण्यात सुशी घरपोच मिळते.

आधी माशाचे पाहू. मासा मेला की त्याच्या स्नायूंतली ऊर्जा संपते, अंग ताठरते, मग सैल पडते. पोटातले पाचक रस त्याचेच मांस पचवू लागतात. कातडीवर, कल्ल्यांत आणि आतड्यांत असलेले जिवाणू आत शिरतात. या सगळ्या क्रियांचा वेग तापमानावर ठरतो. कोकण किनाऱ्यावर समुद्राच्या वरच्या थराचे पाणी वर्षातला बराच काळ २७ ते ३० अंश सेल्सिअस असते, म्हणजे जाळ्यातून बाहेर येतानाच मासा जिवाणूंना सोयीचा असतो. बांगडा, कुपा, सुरमई या जातींत आणखी एक भानगड आहे. त्यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य भरपूर असते आणि उन्हात पडलेल्या माशात जिवाणू त्याचे हिस्टामीन करतात. अशा माशाने तोंड लाल होते, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते. बरे, हिस्टामीन शिजवल्याने जात नाही. एकदा तयार झालेले ते कालवणातही राहते. म्हणून बांगडा उतरवल्याबरोबर बर्फात गेला पाहिजे, ही कोळणीची घाई चवीपुरती नसते. दुसरा शत्रू म्हणजे व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जिवाणू. खारे आणि कोमट पाणी त्याला मानवते, आणि अनुकूल स्थितीत त्याची संख्या दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. गंमत अशी की त्याचा शोध लागला तो जपानमध्येच. १९५० साली ओसाकात ‘शिरासु’ नावाची अर्धवट सुकवलेली बारीक मासळी खाऊन २७२ माणसे आजारी पडली आणि २० दगावली, तेव्हा त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी तो वेगळा काढला. मासळीबाबत जगात सर्वांत चोखंदळ मानल्या जाणाऱ्या देशातली ही घटना आहे.

इथे पहिला आक्षेप येतो. जपानचा उन्हाळाही दमट आणि तापलेला असतो. टोकियोचा ऑगस्ट आपल्या मे महिन्यापेक्षा फार वेगळा नाही. मग तिथे कच्चा मासा खाण्याची रीत शेकडो वर्षे टिकली कशी? याचे उत्तर सुशीच्या इतिहासातच आहे. सुशीचा सर्वांत जुना प्रकार म्हणजे मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवलेला. आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या प्रदेशांतून ही पद्धत जपानला गेली असे मानले जाते. त्यात भात हे मासा टिकवण्याचे साधन होते आणि तो बहुधा टाकूनच दिला जाई. बिवा सरोवराकाठी आजही या तऱ्हेची ‘फुनाझुशी’ होते आणि तिचा वास आपल्या सुकटीलाही लाजवील. पुढे आंबवण्याचा काळ कमी होत गेला आणि आंबटपणासाठी भातात व्हिनेगर आले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हाताने भाताचा गोळा दाबून त्यावर माशाचा तुकडा ठेवलेली ‘निगिरी’ गाड्यांवर विकली जाऊ लागली. हानाया योहेई या विक्रेत्याचे नाव तिच्याशी जोडले जाते. एदो हे एकट्या पुरुषांचे शहर होते, जसे पुढे रत्नागिरीच्या चाकरमान्यांमुळे मुंबईचे गिरणगाव झाले. फरक इतकाच की गिरणगावाने खानावळ काढून गावचे जेवण शहरात आणले आणि एदोने उभ्या उभ्या खायचा नवा पदार्थ काढला.

त्या गाड्यावरच्या निगिरीवर काय असे, ते महत्त्वाचे आहे. कोळंबी उकडलेली असे, वाम उकळून गोडसर रसात मुरवलेली असे. ‘कोहादा’ हा हेरिंगच्या कुळातला छोटा मासा मीठ आणि व्हिनेगर लावलेला असे, बांगड्याच्या जातभाईलाही तेच. ट्यूना सोया सॉसमध्ये भिजवून ठेवत. अगदी कोरा, काहीही न केलेला मासा त्यात कमीच. ट्यूनाच्या पोटाकडचा चरबीदार भाग, ज्याला आज ‘तोरो’ म्हणून सोन्याचा भाव येतो, तो तर लवकर खराब होतो म्हणून कुणी विचारत नसे. मांजरही ओलांडून जाईल अशी त्याची ख्याती होती. समुद्राच्या अगदी जवळ ताज्या माशाचे काप खाण्याची ‘साशिमी’ची चाल जुनी आहे खरी, पण शहरातल्या सामान्य माणसाचा कच्चा मासा असा प्रक्रिया केलेलाच होता. ज्याला आपण कच्चे खाणे म्हणतो ते आधी खारवणे, मुरवणे आणि आंबवणे होते.

चित्र पालटले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९५० च्या दशकात जपानी घरांत फ्रिज शिरला, बंदरांत बर्फाचे कारखाने आणि शीतगृहे झाली, आणि दूरच्या समुद्रात जाणाऱ्या ट्यूनाच्या बोटींवर पुढे उणे ६० अंशांपर्यंत गोठवण्याची सोय आली. एवढ्या थंडीत ट्यूनाचा लाल रंग महिनोन्‌महिने टिकतो. घरच्या फ्रिजच्या उणे १८ अंशांत तो तपकिरी पडतो. १९७२ मध्ये कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा ट्यूना विमानाने टोकियोच्या बाजारात पोचला. विमाने जपानहून इलेक्ट्रॉनिक माल घेऊन जात आणि येताना रिकामी येत, त्यांना भरती हवीच होती. सॅल्मनची कथा तर याहून बोलकी. कच्चा सॅल्मन जपानी माणूस खात नसे, कारण त्यांच्या समुद्रातल्या सॅल्मनमध्ये कृमी असतात हे त्याला ठाऊक होते. नॉर्वेला आपला मत्स्यशेतीतला, कोरडे खाद्य घालून वाढवलेला सॅल्मन विकायचा होता. १९८० च्या दशकाच्या मध्यात त्या देशाने जपानमध्ये रीतसर प्रचारमोहीम उघडली आणि काही वर्षांत सॅल्मन सुशी रूढ झाली. मुंबईतल्या टेबलावर ‘अस्सल जपानी’ म्हणून जो नारिंगी तुकडा सर्वांत आधी संपतो, तो एका युरोपीय देशाने जपानला खायला शिकवलेला आहे.

दुसरा आक्षेप मुरुडकराचाच असतो आणि तो वजनदार आहे. संध्याकाळी हर्णैला उतरलेला मासा रात्री माझ्या घरी असतो, मग मुंबईत गोठवून आणलेला मासा माझ्या माशापेक्षा कच्चा खायला सुरक्षित कसा? पण तो असू शकतो, आणि कारण कृमींचे आहे. ‘अनिसाकिस’ कुळातल्या कृमींच्या अळ्या माशांच्या आणि माकुलांच्या अंगात असतात, आणि त्यांचे पूर्ण वाढीचे घर म्हणजे देवमासे व डॉल्फिन. मुरुड-कर्दे किनाऱ्यावर पर्यटक होडीने ज्या डॉल्फिनांना पाहायला जातात, ते पाहता आपला समुद्र या कुळापासून मुक्त असेल असे मानायला आधार नाही. ही अळी कच्च्या माशातून माणसाच्या पोटात गेली तर जठराच्या भिंतीला चिकटून तीव्र कळा आणते. ताजेपणाने तिचे काहीच बिघडत नाही. उलट मासा जितका ताजा तितकी ती जिवंत. लिंबाने, व्हिनेगरने किंवा वसाबीने ती मरत नाही. ६० अंशांच्या वर आतपर्यंत शिजवणे हा एक उपाय, आणि उणे २० अंशांखाली सात दिवस किंवा उणे ३५ अंशांवर गोठवून पंधरा तास ठेवणे हा अमेरिकी नियमांतला दुसरा उपाय. तळलेल्या सुरमईचा तुकडा पहिल्या उपायाने निर्धोक होतो, सुशीचा तुकडा दुसऱ्याने. म्हणून जपानी उपाहारगृहात ‘मासा ताजा आहे ना?’ हा प्रश्न अर्धवट आहे. तो गोठवला होता का आणि त्यानंतर थंडीची साखळी तुटली का, हे विचारायला हवे. चांगला आचारी या प्रश्नाने रागावत नाही.

ताजेपणाविषयीही जपान्यांचे मत आपल्यासारखे भाबडे नाही. मासा मेल्यावर स्नायूंतल्या ऊर्जाद्रव्याचे तुकडे पडत जातात. त्यातला इनोसिनिक आम्लाचा टप्पा तोंडाला भरून राहणारी चव देतो, पुढचे टप्पे बेचव आणि कडवट असतात. जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये या टप्प्यांच्या प्रमाणावरून ताजेपणाचा आकडा काढण्याची पद्धत मांडली आणि तो आकडा २० टक्क्यांच्या आत असेल तर मासा कच्चा खाण्याजोगा मानतात. म्हणजे मोठा मासा पकडल्याक्षणी खाण्यापेक्षा थंडीत नीट ठेवून एक-दोन दिवसांनी खाल्लेला अधिक चवदार लागतो. मात्र ‘थंडीत नीट ठेवून’ या तीन शब्दांवर सगळा डोलारा उभा आहे. आणि आपला मासा मुळातच कमी प्रतीचा असे यातून कुणी काढू नये. उष्ण समुद्रातल्या माशावरचे जिवाणू उबेला सरावलेले असतात, त्यामुळे बर्फात त्यांचा जोर चटकन ओसरतो. नीट बर्फात ठेवलेला उष्ण कटिबंधातला मासा थंड समुद्रातल्या माशापेक्षा बहुधा जास्त दिवस टिकतो. घात होतो तो जाळे आणि बर्फ यांच्यामधल्या तासांत.

तिसरा आक्षेप या सगळ्या मांडणीच्या मुळावरच येतो. पॅसिफिक बेटे कोकणाइतकीच उष्ण आहेत, आणि फिजीत कच्चा मासा लिंबाच्या रसात मुरवून नारळाच्या दुधात घालून खातात. आमच्याकडे नारळ आहे, लिंबू आहे, मासा आहे, मग आम्ही का नाही खाल्ला? एकट्या हवामानाने याचे उत्तर देता येत नाही, हे मान्य करायला हवे. बेटावर मासा पकडणारा आणि खाणारा बहुधा एकच असतो आणि दोन्ही घटनांमध्ये फार वेळ जात नाही. कोकणात पकडणारा समाज वेगळा, विकत घेणारे वेगळे. मासळी टोपलीत भरून डोक्यावरून खाडीपलीकडे, डोंगराकडच्या गावांत जायची. त्या वाटेवर कच्चेपण परवडणारे नव्हते. शिवाय इथल्या रोजच्या मासळीत मांदेली, बोंबील, बांगडा अशा लहान आणि काटेरी मासळीचा भरणा. बोंबलात तर पाणीच इतके की कच्च्या बोंबलाचे काप काढायला जपानी आचारीही धजणार नाही. आणि कच्चे काय खावे, शिजवून काय खावे याविषयीच्या घरोघरच्या रूढी आहेतच. त्यांना मी कमी लेखत नाही, पण त्या रूढी या अडचणींच्या विरुद्ध दिशेला कधी गेल्या नाहीत, हेही खरे.

कोकणाने त्याच प्रश्नाला दिलेली उत्तरे जपानी उत्तरांच्या जवळची आहेत, आणि जेवताना ही ओळख पटली की संकोच बराच कमी होतो. वाळवलेला मासा घ्या. जपानी सुपाचा पाया म्हणजे धूर देऊन वाळवलेल्या ‘बोनिटो’ माशाचे तासे आणि ‘कोंबू’ नावाचे समुद्रशेवाळ. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये याच शेवाळातून ‘उमामी’ चवीचे द्रव्य वेगळे काढले. वांग्याच्या भाजीत मूठभर सोडे टाकणारी रत्नागिरीची बाई तेच साधते. सोडे तिथे मासा म्हणून नसतात, चव भरण्यासाठी असतात. बांगड्याच्या कालवणातले तिरफळ आणि भाजलेल्या वामीवर जपानी लोक भुरभुरतात तो ‘सान्शो’ हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच झँथोक्सायलम कुळातले भाऊ आहेत. दोघांनी जीभ सारखीच मुंग्या आल्यागत होते, आणि दोन्हीकडे ते चरबीदार माशालाच लावावे असे सुचले. ताटलीतल्या हिरव्या वसाबीचा ठसका नाकात चढतो, जिभेवर नव्हे. लोणच्यासाठी मोहरी फेसली की होते तेच हे, कारण दोन्हीकडे पेशी फुटल्यावर तयार होणारे द्रव्य एकच. खरे वसाबीचे खोड महाग असते आणि किसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याचा जोर ओसरतो. बहुतेक ठिकाणी मिळते ती हिरवा रंग दिलेली हॉर्सरॅडिश आणि मोहरीच.

मग येतो तो नवख्याचा तुकडा, ‘क्रॅब स्टिक’. कच्च्याला घाबरणारा मित्र मेनूत खेकडा पाहून निश्चिंत होतो आणि कॅलिफोर्निया रोल मागवतो. त्यात खेकडा नसतो. असते ती सुरिमी. माशाचे मांस बारीक करून गार पाण्यात वारंवार धुतात, चरबी आणि वास काढून टाकतात, गोठल्यावर प्रथिने बिघडू नयेत म्हणून साखर मिसळतात आणि लाद्या करून गोठवतात. ही पद्धत होक्काइदोत १९६० च्या सुमारास बसली. भारतात सुरिमीसाठी मुख्यतः वापरतात तो राणी मासा, म्हणजे नेमिप्टेरस कुळातला गुलाबी मासा. त्याच्या एका जातीचे शास्त्रीय नावच ‘जॅपोनिकस’ आहे. ट्रॉलरच्या जाळ्यात ढिगाने येणाऱ्या या माशाला पूर्वी इथे फारशी किंमत नव्हती. रत्नागिरीची गद्रे मरीन ही कंपनी १९९० च्या दशकात सुरिमीत उतरली आणि आज तिचा माल जपानसह अनेक देशांत जातो. तेव्हा त्या टेबलावर जपानी म्हणून मागवलेला तुकडा मुळात रत्नागिरीचा असण्याची शक्यता बरीच आहे, आणि मुरुडकराला तो ओळखू येत नाही. यातही सगळी करामत थंडीचीच. धुण्याचे पाणी गार नसले तर मांसाचा चिवटपणा जातो आणि सुरिमी होतच नाही. या धंद्यामुळे राणी माशाला भाव आला आणि ट्रॉलरची भूकही वाढली. ती चर्चा वेगळ्या प्रकरणाची.

चौघांत एक शाकाहारी असतोच, आणि मुरुडसारख्या गावात तर अनेक घरे शाकाहारी. त्याला काकडी घातलेल्या भाताच्या गुंडाळ्या देऊन गप्प बसवणे हा अन्याय आहे. बौद्ध मठांतला ‘शोजिन’ स्वयंपाक पूर्ण शाकाहारी आहे, आणि सम्राट तेन्मूने ६७५ मध्ये काढलेल्या मांसबंदीपासून १८७२ मध्ये मेजी सम्राटाने जाहीरपणे मांस खाईपर्यंत त्या देशात मांसाविषयी अधिकृत संकोचच होता. पण सावध राहायला हवे ते मिसो सुपाबाबत. त्यात भाजी नि टोफू दिसत असला तरी खालचे पाणी बहुधा माशाचे असते. कोंबूवर केलेले सूप आहे का, असे स्पष्ट विचारावे. तांदळाबद्दलही एक सूचना. सुशीचा भात चिकटतो तो जपानी जातीच्या तांदळात अमायलोज कमी असते म्हणून. कोकणातल्या उकड्या तांदळाचा गोळा टिकणार नाही. मावळातला इंद्रायणी त्यातल्या त्यात जवळचा. आणि काड्या जमत नसतील तर लाजू नये. निगिरी हाताने खाणे जपानमध्येही रीतीला धरूनच आहे.

राहिला किमतीचा आक्षेप: हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले. किंमत जास्त आहे हे खरे, पण ती मुख्यतः माशाची नसते. गोठवण, विमान, आयातकर, शीतगृह आणि हात बसलेला आचारी यांचे ते पैसे. मुरुडच्या किनाऱ्यावर उद्या कुणी जपानी उपाहारगृह काढले तर हा हिशोब कसा होईल ते पाहा. हर्णैच्या लिलावातली कोळंबी उकडून लगेच वापरता येईल, बांगडा मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवता येईल, माकूल घेता येईल, पण बांगडा आणि माकूल या दोन्हींना आधी उणे ३५ अंशांचा फ्रीझर लागेल. बोटीवरच बर्फ पुरेसा हवा आणि मासा जाळ्यातून निघाल्यावर तासाभरात त्यात गेला पाहिजे, म्हणजे नाखव्याशी वेगळा करार आणि वेगळा भाव. फ्रीझरसाठी अखंड वीज लागेल, म्हणजे पावसाळ्यासाठी जनरेटर. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा यादी गोठवलेल्या मालावर आणि भाज्यांवर चालवावी लागेल. सॅल्मन मात्र बाराही महिने मुंबईहूनच आणावा लागेल.